तिसऱ्या गिअरमधली टेकडी

कोणी काहीही म्हणो, गाडीतलं मला कळतं. इंजिनाचं दुखणं मी नुसत्या आवाजावरून ओळखतो, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल! त्यामुळे नेवेनाने, म्हणजे माझ्या बायकोने, गाडी विकायचं काढलं तेव्हा मी मुळीच डगमगलो नाही.

गाडी सासऱ्यांची. मानोल सासऱ्यांनी बारा वर्षं नंबर लावून मिळवलेली. ते गेले, पण ती अजून चालतेय. त्स्वेता सासूबाई रोज सकाळी तिची काच पुसतात, नवऱ्याचा चष्मा पुसावा तशी. खोड एकच. संत इलियाच्या जत्रेला टेकडीवरच्या देवळात जाताना ती दुसऱ्या गिअरमध्येही कण्हते. गेल्या वर्षी तर पाद्रीबुवांनी झगा खोचून ढकलली. नेवेनाची अट सरळ होती. आई आणि वाइनचा बुधला घेऊन गाडी यंदा तिसऱ्या गिअरमध्ये वर आली तर राहील, नाहीतर सोमवारी गिऱ्हाईक येतंय.

मी प्लोव्हदिव शहराच्या बाजारातून लालभडक, शंकूसारखा एअर फिल्टर आणला. विकणारा म्हणाला, इंजिन मोकळा श्वास घेईल, दहा घोडे वाढतील. जुना डबा काढून तो बसवला, चावी फिरवली, आणि काय ती डरकाळी! शेजारच्या कोंबड्या कुंपण ओलांडून गेल्या. एवढा आवाज करणारी गाडी हळू जाईलच कशी?

"जावईबापू, चढेल ना हो ती?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, उडत जाईल."

त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला.

जत्रेच्या दिवशी नेवेना कुर्बानच्या, म्हणजे जत्रेच्या प्रसादाच्या, मटणाची पातेली घेऊन बहिणीबरोबर आधीच वर गेली. मी सासूबाईंना मागे बसवलं, बुधला त्यांच्या मांडीवर दिला. पायथ्याच्या झऱ्यापाशी चार जाणती मंडळी बसली होती. आता त्यांना फिल्टर न दाखवता पुढे जाणं बरं दिसलं नसतं. इंजिन चालू ठेवून मी बॉनेट उघडलं आणि छोटंसं भाषण केलं. एकाने तर टोपी काढली. मग बॉनेट आपटून बसलो आणि सुटलो.

काय चढली म्हणता! दुसरा, तिसरा, वळण, पुन्हा तिसरा. आरशात बघायची शुद्ध कुणाला होती? वर अख्खा गाव रस्त्यावर आलेला. मी देवळासमोर थांबलो आणि खिडकीतून ऐटीत कोपर बाहेर काढलं.

"तिसऱ्यात," मी म्हणालो.

"आई कुठाय?" नेवेना म्हणाली.

वळून पाहिलं, तर सीट रिकामी. बुधलाही गायब.

बऱ्याच वेळाने सासूबाई वळणावर दिसल्या. बूट एका हातात, बुधला कमरेवर, तोंड टोमॅटोसारखं लाल. मी बॉनेटखाली डोकं घालून बढाया मारत होतो तेव्हाच त्या हळूच उतरल्या होत्या. त्या डरकाळीत दाराचा आवाज कसला ऐकू येतोय! सत्तरी उलटलेली बाई भर उन्हात अख्खी टेकडी चढून आली होती. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

त्यांनी बुधला खाली ठेवला, दम घेतला आणि लेकीला ठणकावलं, "बघितलंस ना? वाघासारखी चढली तुझ्या बापाची गाडी. विकायची नाही."

नेवेना आईकडे बघत राहिली. स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून तिने आईचा घाम पुसला. मग माझ्याकडे वळली.

"गाडी राहू दे," ती म्हणाली. "तो लाल भोंगा विक."