दुसरी शिंक

"सोयरीक काय मोबाइलवर करायची असती व्हय?" पद्मराजनं बायकोला, अनुराधाला, ठणकावलं. "सगळं घर दिसाय पायजे. वखारीतला लॅपटॉप आणतो."

निपाणीतल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा लॅपटॉप तो! पोत्यांच्या शेजारी बसून बसून म्हातारा झालेला. सुरू केला की जरा वेळानं हँग व्हायचाच. मग बटण दाबा, हात जोडा आणि वाट बघा. आणि आज चिकोडीची मंडळी व्हिडिओवर त्याच्या लेकीला, ब्राह्मीला, बघणार होती. ब्राह्मी आणि श्रेयस एकमेकांना कधीच पसंत होते. फक्त श्रेयसचे आजोबा, आण्णाप्पा, हो म्हणायचे राहिले होते, आणि हा माणूस शकुन बघितल्याशिवाय चहासुद्धा घेत नसे.

"पप्पा, माझ्या मोबाइलवरनं करूया की," ब्राह्मी काकुळतीला आली.

"गप गं. ह्याचा रोग मला कळलाय. आत केर बसलाय, म्हणून तापतंय."

त्यानं स्क्रू काढले, सायकलचा पंप लावला आणि दणादणा हवा मारली. आतनं तंबाखूचा असा लोट उठला की अनुराधा नाकाला पदर लावून परसात पळाली. पण लॅपटॉप सुरू झाला की हो! पद्मराजची छाती लई फुगली.

कॉल लागला. आण्णाप्पांनी घर बघितलं, पोरगी बघितली, चष्मा पुसला. "बरं तर, आमच्याकडनं..."

नेमकं तेव्हाच आतल्या पंख्यानं उरलासुरला तंबाखू पद्मराजच्या नाकावर फुंकला.

"आऽऽक्छी!"

ऐन होकाराच्या तोंडावर शिंक! दोन आल्या तर शुभ, एकटी आली तर मोडलंच म्हणायचं. पद्मराजला दुसरी आली, तिसरी आली, नुसता सपाटाच लागला. पण लॅपटॉप पहिल्या शिंकेवरच हँग झालेला!

लगेच आण्णाप्पांचा फोन आला. "पद्मराज, एकच दिसली रं. पुढं आली का न्हाय?"

"आल्या आप्पा! सात आल्या!"

"सात? म्हंजे जोड्या लावून एक उरतीच की."

"आठवी येतीया आप्पा. थांबा, समोरच देतो."

लॅपटॉप बंद करून चालू केला, कॉल परत लावला. पद्मराजनं पंख्याच्या जाळीला नाक लावलं. कशाचा तंबाखू! सगळा झडून गेला होता. चित्र तर आरशासारखं स्वच्छ. त्यानं कागदाची सुरळी करून नाकात घातली, उन्हाकडं बघितलं, तरी शिंक येईना. सगळी चिकोडी बघत होती. ब्राह्मीचे डोळे भरून आले. पोरीचं लग्न आपल्या नाकापायी मोडतंय!

तेवढ्यात आण्णाप्पा खो खो हसायला लागले. "ऱ्हाऊ दे रं बाबा. पोरीपायी एवढं करणारा व्याही कुठं मिळायचा? ठरलं आमचं!"

"आऽऽक्छी!"

आण्णाप्पांचं हसू विरलं. त्यांनी तोंड पडद्याजवळ आणलं. "पद्मराज, ही मघाची आठवी, का नवी पहिली?"

आठवी म्हणून सांगायला पद्मराजनं तोंड उघडलं, तर नाकात नववी चुरचुरायला लागली. मग काय करणार बिचारा? उघडं तोंड, अर्धे मिटलेले डोळे, तसाच दगडासारखा बसून राहिला. लॅपटॉप हँग झालाय असं वाटावं म्हणून त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही.

मागनं अनुराधा चहा घेऊन आली.

"अहो, असं काय बसलाय? लॅपटॉप तर आज चांगला चाललाय की."