रिक्त फळीस्थान क्रमांक चौदा

लाकूड कुजतं ते आपोआप. त्याची दुरुस्ती मात्र आपोआप होऊ देणं कोणत्याही सुधारलेल्या समाजाला परवडत नाही. कुणीही उठावं, हातोडी घ्यावी आणि दिसेल ती फळी ठोकत सुटावं, असं झालं तर नियोजन नावाची गोष्टच उरणार नाही. शिवाय नियोजन करणाऱ्या माणसांनी मग दिवसभर बसायचं कुठे, हा प्रश्न उभा राहील तो वेगळाच.

शहराच्या लाँच-धक्क्याबाबत हा धोका सलग अकरा वर्षं यशस्वीपणे टाळण्यात आला होता. याचं श्रेय धक्का विभागाला आणि त्यातही विभागाच्या कनिष्ठ अभियंत्यांना द्यायला हवं. त्यांना सगळे नुसतं 'कनिष्ठ' म्हणत. (वय वर्षं एकोणपन्नास. वरिष्ठांची जागा भरण्याचं नियोजन सुरू आहे.) कनिष्ठ स्वभावाने सरळ होते, अक्षर सुरेख होतं आणि सांगितलेलं काम ते मनापासून करत. एवढ्या भांडवलावर माणूस एखाद्या विभागात तीस वर्षं सहज काढतो.

अकरा वर्षांत विभाग हातावर हात ठेवून बसला होता असं कुणी समजू नये. पहिली तीन वर्षं धक्का खराब झाला आहे काय, हे ठरवण्यात गेली. (चौथ्या वर्षी विभागाचे साहेब स्वतः पाहणीला गेले असता त्यांचा उजवा बूट पाण्यात पडला, आणि अहवालाने एकदम वेग घेतला.) मग मोजणी झाली. धक्क्यावर एकंदर सहाशे चाळीस फळ्या असायला हव्या होत्या, त्यांपैकी एकसष्ट नव्हत्या. 'भोक' हा शब्द सरकारी कागदावर बरा दिसत नाही म्हणून फळी नसलेल्या प्रत्येक जागेला 'रिक्त फळीस्थान' असं नाव देण्यात आलं आणि तिथे पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकायचं ठरलं. भोकावर आकडा रंगवता येत नाही, ही अडचण रंगाऱ्याने लक्षात आणून दिल्यावर एक तातडीची बैठक झाली आणि आकडा शेजारच्या फळीवर काढावा असा निर्णय एकमताने झाला. रंगाऱ्याचं मत विचारण्यात आलं नव्हतं, पण त्याचंही तेच होतं.

त्यानंतर आला नकाशा. अठरा पानांचा, तीन रंगांचा, प्रत्येक रिक्त स्थानाची लांबी-रुंदी अचूक दाखवणारा. कनिष्ठांनी तो स्वतःच्या हाताने काढला होता आणि त्याला तीन खात्यांची मंजुरी होती. तो इतका देखणा उतरला की बाहेरगावचे पाहुणे आले की विभाग त्यांना धक्क्यावर न नेता नकाशाच दाखवी. पाहुणेही धक्का आवडल्याचं सांगून जात.

खरा चमत्कार पुढेच घडला. क्रमांक पडल्यापासून उतारूंना रस्ता पाठ झाला. 'सहाला डावीकडे, नऊला उजवीकडे, चौदाला उडी' हे लोकांच्या पायांत असं मुरलं की माणसं वर्तमानपत्र वाचत वाचत धक्का पार करू लागली. मोजणीपूर्वी वर्षाला सदतीस जण पाण्यात किंवा अर्धवट पाण्यात जात, आता चारच. म्हणजे एकही खिळा न ठोकता अपघातांत एकोणनव्वद टक्के घट. (ते चौघेही परगावचे.) एवढं यश हाताशी आल्यावर प्रत्यक्ष दुरुस्तीची घाई कोण करील?

घाई केली ती आत्याने.

कनिष्ठांची आत्या पलीकडच्या काठावर एकटी राहत असे. वय शहात्तर. कनिष्ठ सहा वर्षांचे असताना त्यांची आई गेली, तेव्हापासून आत्यानेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं आणि अजूनही ती त्यांना 'धाकट्या' म्हणे. तिचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्यातला दाब वाढत चालला होता, म्हणून दर मंगळवारी अलीकडच्या दवाखान्यात येऊन तो तपासून औषध बदलून घ्यावं लागे. लाँच अकराला लागे. आणि धक्का दुरुस्ती नियोजनाची साप्ताहिक बैठकही मंगळवारी अकरालाच असे, तिला हजर राहणं सक्तीचं होतं. त्यामुळे आत्याचा हात धरायला कनिष्ठांना कधीच जाता येत नसे. का, तर ते धक्क्याच्या काळजीत असत.

ओळीने दोन मंगळवार आत्या आली नाही. कनिष्ठांनी फोन केला.

"मी काही आता यायची नाही रे धाकट्या," आत्या म्हणाली. "त्या चौदापाशी आलं की पायच उचलत नाही. एका डोळ्याने कळतंय कुठे, भोक केवढं आणि फळी कुठून! मागचे ओरडतात, 'आजी, मारा उडी.' उडी मारता आली असती तर दवाखान्यात कशाला, सर्कशीत नसते गेले?"

"अगं, पण डॉक्टर काय म्हणाले? तिसरा मंगळवार चुकवू नका म्हणाले ना?"

"म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. मग तू बसव की एक फळी. तुझंच खातं ना ते?"

विभागातल्या तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणीच इतक्या सरळ विचारला नव्हता. रात्रभर त्यांना वाईट वाटत राहिलं, आणि सकाळी त्यांनी आयुष्यातला पहिला विनापरवाना निर्णय घेतला.

फळी आणायची कुठून, हा पेच होता. भांडारातून खिळा मागायचा तरी पाच सह्या लागत. शेवटी सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, कनिष्ठांनी धक्का दुरुस्तीच्या फायलींचं कपाट उघडलं, मधल्या कप्प्यातल्या फायली जमिनीवर मांडल्या आणि कप्प्याची फळीच काढून घेतली. जुन्या काळचं लाकूड, दीड इंच जाड, मापालाही जवळजवळ बरोबर. धक्क्याच्या दुरुस्तीला त्या फायलींचा झालेला हा पहिला उपयोग. विभागाच्या सुताराने हातोडी दिली आणि तोंड दुसरीकडे फिरवून तो उभा राहिला.

"मी काही बघितलं नाही हं, कनिष्ठ," तो पाण्याकडे पाहत म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "पण तो तिसरा खिळा तिरका चाललाय."

वीस मिनिटांत काम झालं.

मंगळवारी अकराला बैठकीत 'पहिल्या टप्प्याच्या पूर्वतयारीचा प्राथमिक विचार' हा विषय चालू होता. कनिष्ठांची खुर्ची खिडकीशी होती. त्यांना लाँच लागलेली दिसली, सगळ्यांत शेवटी छत्री टेकत उतरलेली आत्या दिसली. चौदापाशी ती थांबली. छत्रीच्या टोकाने तिने फळी दोनदा ठोकून पाहिली, मग एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि कुणाचाही हात न धरता तरातरा निघून गेली. कनिष्ठांनी रुमाल काढून डोळे पुसले. (इतिवृत्तात नोंद आहे : 'विषय दोनवर चर्चेदरम्यान कनिष्ठ भावुक झाले. विषयाचं गांभीर्य सर्वांना पटलं.')

पुढल्याही मंगळवारी आत्या आली. डोळ्याचा दाब उतरला होता. आणि त्याच आठवड्यात विभागाकडे एक तक्रार आली, दोनशे बारा उतारूंच्या सह्यांची.

तक्रार मुद्देसूद होती. चौदाला फळी आल्यापासून उतारूंची फार गैरसोय होत आहे. सवयीने उडी मारणारे विनाकारण हवेत जातात आणि लोक हसतात. पूर्वी चौदापाशी एका वेळी एकच माणूस जाई, त्यामुळे रांग आपोआप लागे. आता चार-चार जण एकदम येऊन रेटारेटी करतात. वर्तमानपत्र वाचत चालणाऱ्यांचा अंदाज चुकतो. सबब रिक्त फळीस्थान क्रमांक चौदा येथील फळी काढून टाकून ते स्थान विनाविलंब रिक्त करण्यात यावं.

साहेबांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग नकाशा मागवला. नकाशात चौदा रिक्त होतं, प्रत्यक्षात भरलेलं. साहेबांच्या मते तक्रारीपेक्षा ही बाब कितीतरी गंभीर होती. दोन मार्ग होते. नकाशा दुरुस्त करायचा, तर फेरमोजणी, तीन खात्यांची मंजुरी आणि रंगकाम धरून चौदा महिने. धक्का नादुरुस्त करायचा, तर चाळीस मिनिटं. नियोजन समितीने दोन्ही बाजू तोलून पाहिल्या आणि जनतेचा वेळ वाचवला.

"साहेब, फळी मीच बसवली. माझी आत्या आहे हो," कनिष्ठ म्हणाले. "तिला दिसत नाही. ती पुन्हा यायची बंद होईल."

"अहो कनिष्ठ, मला कळत का नाही?" साहेब खरोखरच कळवळून म्हणाले. "पण एका बाजूला तुमची एक आत्या आणि दुसऱ्या बाजूला दोनशे बारा सह्या. मी काय करू सांगा."

सुताराला मापं लिहून देण्यात आली : लांबी अठ्ठावन्न सेंटिमीटर, रुंदी एकतीस, नकाशाप्रमाणे. त्याने फळी काढली तर शेजारच्या फळीचा कुजका तुकडाही बरोबर आला आणि जागा चार बोटं मोठी झाली. तेव्हा तेवढा तुकडा नव्याने बसवून भोक बरोबर मापाचं करण्यात आलं. कडा तासून गुळगुळीत केल्या, आकडा पुन्हा रंगवला. विभागाच्या इतिहासात ठरलेल्या वेळेच्या आत पुरं झालेलं हे पहिलं काम. वार्षिक अहवालात त्याचं छायाचित्र आहे, आणि भोक फारच सुबक आलं आहे.

कनिष्ठांना शिक्षा झाली. त्यांचं नाव नियोजन समितीतून कमी करण्यात आलं आणि बैठकांना येण्यास बंदी झाली. त्यामुळे मंगळवारी अकराला ते मोकळे झाले. (हे शिक्षा देणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं नाही. कृपया कुणी आणूनही देऊ नये.)

शिक्षेचाच भाग म्हणून तक्रारीवरच्या सह्यांची पडताळणीही त्यांच्याच गळ्यात पडली. सत्त्याऐंशीव्या सहीपाशी त्यांचं बोट थांबलं. मोठी अक्षरं, रेघ सोडून वर चढत गेलेली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं हीच सही होत आली होती.

पुढल्या मंगळवारी चौदावरून आत्याला अलगद पार करून देताना त्यांनी विचारलं, "आत्या, त्या कागदावर तू सही केलीस?"

"कुठल्या? हां, तो होय! लाँचच्या रांगेत आला होता. पुढच्या बाईने पेन दिलं हातात."

"काय लिहिलं होतं ते विचारलं नाहीस?"

"मागे एवढी माणसं खोळंबलेली, विचारत काय बसू? सगळे करत होते, मीही केली. मला वाटलं, फळी बसवल्याबद्दल आभार मानतायत." आत्या थांबली. "का रे? काय होतं त्यात?"

"काही नाही," कनिष्ठ म्हणाले आणि तिचा हात त्यांनी जरा घट्ट धरला.

पडताळणीचा अहवाल असा आहे. दोनशे बारांपैकी एका व्यक्तीला कागद न वाचण्याचं वैद्यकीय कारण होतं. उरलेल्या दोनशे अकरांची नजर उत्तम होती. त्यांपैकी दोनशे तीन जणांनी न वाचता, पुढच्याने केली म्हणून सही केली. सात जणांना सही केल्याचं आठवत नाही. एकाने कागद वाचला होता, कारण तो त्यानेच लिहिला होता.

वाचकांना या मंडळींची कीव येणं साहजिक आहे. मूळ कागद विभागात कामाच्या वेळेत पाहायला मिळतो. सह्या बहुतेक वाचता येत नाहीत, पण आपली सही आपल्याला बरोबर ओळखू येते. ओळखू आल्यास सही मागे घेण्याचा अर्ज शेजारीच ठेवला आहे, पेन दोरीने बांधलेलं आहे. काल तिथे बरीच रांग होती. त्या अर्जात नेमकं काय लिहिलं आहे, हे अजून कुणी विचारलेलं नाही. आपण विचाराल, अशी विभागाला मुळीच भीती वाटत नाही.