लाकडातला चेहरा

डॉक्टरांनी बायकोचा पहिला चेहरा लाकडात कोरला, तेव्हा त्यात सगळ्यात पुढे आले ते तिचे दात. त्यांच्या पाठोपाठ कपाळावर दोन टेंगळं. नाक, गाल, हनुवटी ही मंडळी मागे कुठेतरी संकोचून उभी होती. डॉक्टर स्वतः दातांचे डॉक्टर. सगळं आयुष्य लोकांचे पुढे आलेले दात मागे नेण्यात गेलं, आणि निवृत्तीनंतर घरच्याच माणसाचे दात त्यांनी पुढे काढले.

तिला जाऊन आठ महिने झाले होते. अलीकडे डॉक्टरांना एक चमत्कारिक त्रास सुरू झाला होता. डोळे मिटले की तिची वरची डावी दाढ स्वच्छ आठवायची, तिच्यात भरलेलं सिमेंटसुद्धा. चेहरा मात्र येत नव्हता. तो येता येता पुसला जायचा. अल्बम काढावेत तर त्यांत ती नाही, कारण सगळे फोटो तिनेच काढलेले. एकच सापडला. दवाखान्याच्या दारात ती हसते आहे आणि चष्मा कपाळावर सरकवलेला आहे.

मग त्यांनी लाकूड कोरायचं छोटं यंत्र मागवलं आणि जेवणाच्या टेबलावर मांडलं. कंप्युटर सांगेल तसं त्याचं पातं फिरायचं आणि फळीवर फोटो उमटायचा. "पातं म्हणजे काय, ड्रिलच ते," ते मुलीला फोनवर म्हणाले. "जन्म गेला माझा ड्रिल धरण्यात."

"ड्रिल येईल हो तुम्हाला, बाबा. सॉफ्टवेअरचं काय? चांगलं घ्या."

डॉक्टरांनी स्वस्तातलं घेतलं. जाहिरातीत एका कुत्र्याचा फोटो कोरून दाखवला होता आणि कुत्रा फार छान आला होता.

दातांचा प्रकार झाल्यावर त्यांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस सौम्य होता.

"सर, आपलं सॉफ्टवेअर उजेड बघतं. जे उजळ ते वर, जे काळं ते खोल. दात पांढरे, म्हणून वर आले. कपाळावर काही चमकतंय का?"

"चष्मा आहे."

"म्हणजे काचा आल्या वर. चष्मा पुसून टाका सर. आणि दात जरा काळे करा."

"दात काळे करू?"

"हो सर."

दात पांढरे ठेवा, हे सांगून त्यांनी घर बांधलं होतं. पण त्यांनी ते केलं. दुसऱ्या फळीवर चष्मा गेला, टेंगळं गेली आणि तोंडाच्या जागी एक भुयार आलं. बाई नव्वदीच्या आणि बोळक्या दिसत होत्या. ते वय तिच्या वाट्याला आलं नव्हतं. डॉक्टर त्या फळीकडे बराच वेळ बघत बसले, मग त्यांनी ती पालथी ठेवली.

पुन्हा फोन झाला. "काळं-पांढरं उलटं करायचा एक चौकोन आहे सर, तो दाबून बघा. नाही पटलं तर परत दाबा." डॉक्टरांनी दाबून बघितला, आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दूध घेऊन परत आले तेव्हा चौकोनाची गोष्ट डोक्यातून गेली होती. त्यांनी शांतपणे एकेक दात राखी रंगाचा केला. पडद्यावर चेहरा अगदी बरोबर दिसत होता.

रविवारी मोठी मेहुणी यायची होती. बहिणीच्या जाण्यानंतर ती या घरात पहिल्यांदाच येणार होती. डॉक्टरांना तिला चांगलं काही दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनची वरची फळी सोडवून घेतली. लाकूड जुनं, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं. या वेळी त्यांनी खोलीही भरपूर दिली. बोटांना नाक लागायला हवं, गाल लागायला हवा.

यंत्र सकाळपासून घरघरत होतं. पातं पहिल्यांदा लाकडात शिरलं तेव्हा डॉक्टर सवयीने म्हणाले, "थोडंसं दुखेल हं." सोफ्यावर, पंख्यावर, त्यांच्या भुवयांवर भुसा बसत गेला.

यंत्र थांबल्यावर त्यांनी ब्रशने भुसा झाडला, डोळे मिटले आणि नाकाच्या जागी बोट ठेवलं. बोट आत गेलं. गालाच्या जागी खळगा. कपाळाच्या जागी वाडगा. सगळा चेहरा आतल्या बाजूला गेला होता. हे प्रकरण काय आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? कवळीसाठी माप घेतात तसला तो साचा होता. माणूस निघून गेल्यावर मागे राहिलेली जागा.

दुसरी फळी नव्हती. म्हणजे लाकडं पुष्कळ मिळाली असती, पण ती फळी नव्हती. डॉक्टरांनी साचा भिंतीशी कपाटावर टेकवून ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून खुर्चीत बसले. रडण्यापूर्वी त्यांनी चष्मा काढून पुसला. भुसा होता म्हणून.

मेहुणीने दार लोटलं तेव्हा ते तसेच बसले होते. ती उंबऱ्यातच थांबली.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "किती हुबेहूब आलीय हो."

"ताई, माझं मन राखू नका. तो खड्डा आहे."

"खड्डा कसला? चांगली बाहेर आलीय की. नाक बघा तिचं."

"हात लावून बघा."

ती दोन पावलं पुढे आली आणि थबकली. मग एका बाजूला सरकली. मग दुसऱ्या. "अहो," तिचा आवाज बदलला, "धाकटी बघतेय माझ्याकडे. मी जाईन तिकडे वळतेय."

डॉक्टर उठून तिच्याजवळ गेले आणि मागे वळले. लांबून तो खड्डा नव्हता. नाक पुढे होतं, गाल भरलेले होते, आणि ती हसत त्यांच्याचकडे बघत होती. ते खिडकीकडे गेले. तिची मान खिडकीकडे वळली. ते दाराकडे आले, तीही आली. जवळ जाऊन बोट लावलं तर आत काहीच नव्हतं. जरा मागे सरकलं की होती.

"असंच ऐकायची ती," डॉक्टर म्हणाले. "मी बोलत बोलत फेऱ्या मारायचो ना, तेव्हा."

बराच वेळ दोन म्हातारी माणसं एकमेकांना चुकवत त्या खोलीत येरझारा घालत होती. चहाचं कोणालाच सुचलं नाही. जाताना मेहुणी म्हणाली, "मलाही एक करून द्या. पण जरा दुसरीकडे बघणारी. हिच्यासमोर मला दुपारची झोप यायची नाही."

आठवड्याने त्या सौम्य माणसाचा स्वतःहून फोन आला. तक्रार मिटली का, असं त्याला विचारायचं होतं. "मिटली," डॉक्टर म्हणाले. नेमकं काय केलंत, असं त्याने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तुमचा चौकोन परत दाबायला विसरलो."

मग मुलीचा फोन आला.

"बाबा, मावशी म्हणत होती तुमची तब्येत सुधारलीय. फिरायला जायला लागलात की काय?"

"हो. रोज. सकाळ-संध्याकाळ."

"बरं झालं. एकटेच जाता?"

"छे."

"मग? कुठपर्यंत जाता?"

डॉक्टरांनी मान वर करून कपाटाकडे पाहिलं.

"खिडकीपासून दारापर्यंत," ते म्हणाले.