ओल्या पट्ट्या आणि माझा चेहरा

माझ्या चित्रकलेच्या तासाला एकही पोरगं पेंगत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! मुलांना कलेतून स्वतःची ओळख शोधायला लावणारा रिसोड तालुक्यातला एकमेव शिक्षक मीच, असं मला तरी वाटायचं.

त्या मंगळवारी मी सातवीत जाहीर केलं, "प्रत्येकानं आपल्या चेहऱ्याचा मुखवटा करायचा! आणि आतल्या बाजूला आपण कोण आहोत, ते रंगवायचं. आधी माझ्यावर करून बघा!"

मोडलेल्या हाताला बांधतात तसल्या प्लास्टरच्या पट्ट्या मी मेडिकलमधून आणल्या होत्या. दोन बाकं जोडून उताणा झोपलो.

"आधी कातडीला व्हॅसलीन, मग ओल्या पट्ट्या. नाकपुड्या तेवढ्या उघड्या ठेवा. वीस मिनिटं मी बोलणार नाही, हलणार नाही!"

पहिल्या बाकावरच्या रुचिकानं भराभरा पट्ट्या लावल्या. डोळे झाकले, तोंड झाकलं. राजपालकडे घड्याळाचं काम. वर्गात अशी शांतता की पंखा तेवढा ऐकू येत होता. मनात म्हटलं, याला म्हणतात शिकवणं!

तेवढ्यात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या भुरीबाई दारात आल्या असाव्यात, कारण झारा खणकन पडला.

"आवं माय! कवा झालं हे?"

"धा मिन्टं झाले," राजपाल म्हणाला.

"सर हालत काहून नाही रे?"

"आता नाही हालत ते. आधीच सांगतलं होतं त्याईनं."

भुरीबाईंनी असा हंबरडा फोडला की बाहेर झाडावरचे कावळे उडाले! मुख्याध्यापक बबनराव धावत आले. "अरे, सकाळी तर मस्त चहा पेले!" म्हणत त्यांनी थेट माझ्या बायकोलाच फोन लावला. "ज्योत्स्नावहिनी, जशा असाल तशा या. सरांचं... तुमी या फक्त!"

मग ते माझ्या छातीवर दोन्ही हातांनी दणके देऊ लागले. मुखवटा गेला खड्ड्यात! मी दोन्ही हात वर केले. भुरीबाई किंचाळत थेट स्वयंपाकखोलीत!

"जिवंत हायेत!" बबनराव ओरडले. "काढा ते तोंडावरचं!"

रुचिका ओढू लागली. मुखवटा कपाळावरून सुटला, गालांवरून सुटला आणि वरच्या ओठावर लटकून बसला.

"ओढ की!" मी आतून ओरडलो.

"ओढूनच राह्यली सर! मिशी सोडत नाही!"

"मिशीला व्हॅसलीन लावलं नाही?"

"तुमी कातडीले लावा म्हणाले," रुचिका रडवेली झाली. "मिशी काय कातडी हाय?"

ती मिशी लग्नाआधीपासूनची, टोकं वळवलेली, तेल लावून जपलेली. बबनरावांनी कागद कापायची कात्री घेतली. मी डोळे मिटले. कच्च, कच्च! मुखवटा मिशीसकट त्यांच्या हातात. उरलेली खुंटं त्यांनी "आता एकसारखं दिसू द्या" म्हणत तेवढ्याच मायेनं कापली.

मी तोंड धुऊन व्हरांड्यात येतो तोच फाटकापाशी ऑटो थांबला. ज्योत्स्ना उतरली. पायात दोन वेगळ्या चपला, डोळे रडून लाल. धावत माझ्यापाशीच आली आणि हात जोडून म्हणाली,

"भाऊ, आमचे सर कुठं हायेत हो?"

"अगं, मीच!"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बबनरावांकडे वळली. "खरं काय हो?"

बबनरावांनी दोनदा निरखून पाहिलं, आणि मगच मान हलवली!