साठ फुटांवरची मगर

आपल्या सासऱ्यांना एखादी गोष्ट आवडली नाही, असं सुबोधने लग्नानंतरच्या नऊ वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. त्याच्या दुःखाचं मूळ तेच होतं.

सासरे, म्हणजे आप्पा, सांगलीच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याच्या घरात त्याच्या शब्दाला नाही म्हणायचं नाही, असं मानणाऱ्या पिढीतले. लेकीकडे, म्हणजे मृण्मयीकडे, तीन महिन्यांसाठी नेदरलँडमधल्या वेल्डहोवनला आल्यापासून सुबोधने त्यांना ट्यूलिप दाखवले. आप्पा म्हणाले, "छान." पवनचक्क्या दाखवल्या. "छान." समुद्र अडवून धरणारा अजस्र बंधारा दाखवायला तर तो दोन तास गाडी चालवत गेला. पाटबंधाऱ्याचा माणूस इथे तरी विरघळेल, असा त्याचा हिशेब होता. आप्पांनी बंधाऱ्याकडे बघितलं, वाऱ्याने उडणारी टोपी धरली आणि म्हणाले, "छान. देखभालही छान."

पोट भरलेल्या पाहुण्याने तिसऱ्या वाढपाला जसं 'छान' म्हणावं, तसं ते छान होतं. सुबोधला एक अस्सल 'वा!' हवा होता. एकच. (सेमीकंडक्टरच्या कारखान्यात केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक हुडकून काढणाऱ्या माणसाने सासऱ्याच्या एका अक्षरासाठी झुरावं, हे बरं दिसत नाही. पण तो झुरत होता खरा.)

त्यात जूनच्या एका सोमवारी मृण्मयी भांडी मशीनमध्ये लावता लावता हळूच म्हणाली, "आप्पा विचारत होते, तिकीट महिनाभर अलीकडचं करून मिळेल का."

"का? काही कमी पडलं?"

"काही नाही. म्हणाले, सगळं छान आहे गं, पण इथे काही घडत नाही. कृष्णेला निदान मगरी तरी आहेत." तिचे डोळे भरले होते. आई गेल्यानंतर आप्पा पहिल्यांदाच तिच्याकडे राहायला आले होते, आणि तिला ते हवे होते.

सुबोधने तिथल्या तिथे एक छोटासा निर्णय घेतला: आजपासून रोज जेवण झाल्यावर आप्पांना तळ्यापर्यंत फिरवून आणायचं. काहीतरी घडायचंच असेल तर घराबाहेर घडेल.

आणि घडलं! घरामागच्या तळ्यावर पोचले तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि सुबोधचा चष्मा ओला झाला होता. पलीकडच्या काठाशी, शेजारी योपच्या बागेसमोर, पाण्यावर दोन डोळे होते. डोळ्यांपुढे लांबलचक, खडबडीत जबडा. जबडा संथपणे इकडेच येत होता.

"आप्पा!" सुबोधने सासऱ्यांचा दंड धरला. "मगर!"

आप्पांनी डोळे बारीक केले. "असेल," ते म्हणाले. पण दीड महिन्यात पहिल्यांदाच ते 'छान' म्हणाले नव्हते, आणि सुबोधला तेवढं पुरलं.

त्या रात्री मृण्मयीने रास्त शंका काढली. "अरे, या थंडीत मगर जगेल तरी का?"

"कोणीतरी पाळली असणार आणि झेपेना म्हणून सोडून दिली असणार. लोक काय वाटेल ते पाळतात." एव्हाना त्याने इंटरनेटवर 'घराजवळ जंगली मगर सुरक्षितपणे कुठे आणि कशी पाहावी' हे शोधून काढलं होतं. फ्लोरिडातल्या लोकांनी त्यावर भरभरून लिहिलं होतं. पहिला नियम: किमान साठ फूट अंतर ठेवा.

मंगळवारी त्याने टेप लावून साठ फूट मोजले. तळ्याच्या एका बाजूला साठ फुटांवर सायकलींचा रस्ता होता, आणि तिथे उभं राहणं मगरीजवळ उभं राहण्यापेक्षा धोक्याचं होतं. दुसऱ्या बाजूला साठ फूट बरोब्बर योपच्या हिरवळीच्या मधोमध यायचे. योप कॅराव्हॅन घेऊन तीन आठवडे फ्रान्सला गेला होता. (तो असता तर परवानगी मागता आली असती. पण त्याच्याकडे साधी कॉफी प्यायची तर पंधरा दिवस आधी तारीख ठरवावी लागते, आणि मगर काही तारीख घेऊन आलेली नव्हती.)

या साठ फुटांनीच पुढचा सगळा घोटाळा केला. जवळ जावं तर नियम मोडतो, आणि लांबून मगर मगरीसारखीच दिसते. ती सोमवारी पश्चिमेला होती, मंगळवारी पूर्वेला. मंगळवारी वारा पश्चिमेचा होता, याचीही सुबोधने वहीत नोंद केली. पण दोन्ही नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याचं त्याला सुचलं नाही.

नगरपालिकेला, म्हणजे इथल्या खेमेंटेला कळवणं त्याचं कर्तव्य होतं, म्हणून तेही त्याने केलं. ॲपमध्ये उखडलेली फरशी, बंद पडलेला दिवा, उंदीर असे पर्याय होते. मगर नव्हती. त्याने 'इतर' निवडलं. पाच कामाच्या दिवसांत उत्तर येईल असा निरोप आला, आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. मगर नेली तर आप्पांना दाखवायचं काय?

बुधवारी दुर्बीण आली. आप्पांनी ती डोळ्यांना लावली, खालचं चाक फिरवलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. इतका वेळ त्यांनी बंधारासुद्धा पाहिला नव्हता.

"काय, आप्पा? मगरच ना?"

आप्पांनी दुर्बीण खाली घेतली. जावयाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुन्हा दुर्बीण वर नेली. "तुम्ही म्हणताय म्हणजे मगरच, सुबोधराव," ते म्हणाले. "मोठी शांत आहे पण. अशी शांत मगर मी कृष्णेत पाहिली नाही."

"हवामानाचा परिणाम असेल."

"असेल असेल." एवढं बोलून त्यांनी दुर्बीण गळ्यात अडकवली, ती पुढे चार दिवस काढली नाही. सुबोधने दोनदा मागितली, तर म्हणाले, "राहू द्या, चाकाला हात लागला की पुन्हा जुळवावं लागतं."

पण आप्पा बदलले! सकाळी दाढी करून तयार. डब्यात पोहे घेऊन हिरवळीवर हजर. भिलवडीच्या घाटावर मगर पाहून बादली घेऊन पळालेल्या माणसाची गोष्ट त्यांनी सुबोधला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा बादली मोठी होत गेली. सुबोधने फ्लोरिडाचे नियम मराठीत उतरवून दाखवले, तेव्हा त्यांनी पेन मागून घेतलं आणि सगळा मजकूर खात्याच्या भाषेत करून दिला. 'विषय: वन्य मगर सुरक्षितपणे पाहणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मगरीस कोणीही खाद्यपदार्थ देऊ नयेत. मगर अंगावर आल्यास विनाविलंब सरळ रेषेत पळावे. अंतर साठ फूट राखणेची जबाबदारी ज्याची त्याची राहील.'

सुबोधला हा कागद इतका आवडला की त्याने तो लॅमिनेट केला, आणि मग (इथे थांबला असता तरी निभावलं असतं) मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'रविवारी अकरा वाजता. कृष्णाकाठच्या तज्ज्ञांचं मार्गदर्शन. खुर्च्या आपापल्या आणाव्यात.'

रविवारी बावीस माणसं आली. टिलबर्गहून आसावरी आणि कुशल तर मुलांना क्रिकेटची हेल्मेट घालून घेऊन आले. मृण्मयीने साबुदाण्याचे वडे तळले होते. कोणी चिवडा आणला, कोणी थर्मासभर चहा. योपच्या हिरवळीवर, साठ फुटांवर बांधलेल्या पांढऱ्या फितीमागे घडीच्या खुर्च्यांच्या तीन रांगा लागल्या. पहिल्या रांगेच्या मधोमध आप्पा, गळ्यात दुर्बीण. फितीपाशी शिट्टी घेऊन सुबोध.

"हलत नाहीये हो," कुशल म्हणाला.

"दबा धरून बसलीय," सुबोधने सांगितलं. "तासन् तास बसते. हो ना, आप्पा?"

"बसते," आप्पा म्हणाले.

"आप्पांनी किती मगरी पाहिल्यात आजवर?" आसावरीने विचारलं.

"चाळीसेक. पण इतक्या लोकांनी एकदम बघायला यावं अशी ही पहिलीच."

तेवढ्यात काठावर एक बगळा उतरला. राखाडी, उंच, रिटायर्ड हेडमास्तरांसारखा. एकेक पाय उचलत तो पाण्यात शिरला आणि थेट मगरीच्या दिशेने निघाला. आसावरीने मुलीच्या हेल्मेटची जाळी खाली ओढली.

"लहान मुलांनी डोळे मिटा," सुबोध दबक्या आवाजात म्हणाला. "निसर्गाचा नियम आहे, आपण मध्ये पडायचं नाही."

बगळा मगरीपाशी पोचला. थांबला. मान वाकडी करून त्याने तिच्या डोळ्यात पाहिलं. मग पंख जरासे उघडून तिच्या डोक्यावर चढला, एक पाय पोटाशी घेतला, आरामात पिसं साफ केली आणि शेपटी किंचित वर करून मगरीच्या दोन्ही डोळ्यांच्या मध्ये शिटला.

मगर दबा धरूनच राहिली.

सुबोधच्या तोंडात शिट्टी तशीच होती, आणि त्याचा श्वास तिच्यातून बारीक आवाज करत बाहेर पडत होता. त्याच वेळी मागे गाडीचं दार वाजलं. योप एक दिवस आधी परतला होता. उन्हाने लालबुंद झालेला तो सहा फुटी माणूस आपल्या हिरवळीवरची बावीस माणसं, खुर्च्या, फीत आणि वडे बघत क्षणभर उभा राहिला. मग त्याची नजर तळ्याकडे गेली.

"अरे, ही तर माझी मगर!" तो इंग्रजीत ओरडला, आणि चपला काढून सरळ पाण्यात उतरला. बगळा उडाला. योपने मगर शेपटीला धरून उचलली, काखेत मारली आणि काठावर आणून उलटी केली. पोटावर बारकोड होता.

त्याचं इंग्रजी सगळ्यांना छान समजलं. त्याच्या बागेतल्या छोट्या तळ्यात रंगीत मासे होते. बगळे ते खायचे, म्हणून त्याने दुकानातून ही प्लास्टिकची मगर आणून सोडली होती. तो गावाला गेल्यावर मुसळधार पाऊस झाला, तळं भरून वाहिलं, आणि मगर वाहत इथे आली. "बगळे तिला अजिबात घाबरत नाहीत," तो म्हणाला. मग त्याला भरून आलं. "पण तुम्ही सगळे तिची राखण करत बसलात? रविवारी? स्वतःच्या खुर्च्या आणून?"

सुबोधला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण नेदरलँडची धरणी अशी दुभंगत नाही, देखभाल छान आहे.

आणि तेवढ्यात त्याच्या मागे आवाज झाला. आप्पा हसत होते. आधी खांदे हलले, मग पोट, मग खुर्ची. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दुर्बीण बाजूला सारून त्यांनी मांडीवर थाप मारली.

"वा!" आप्पा ओरडले. "वा, जावईबापू, वा! असं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नाही!"

नऊ वर्षं वाट पाहिलेला 'वा' अखेर आला. सुबोधला हसावं की रडावं कळेना. पण आप्पांना असं हसताना पाहून त्यालाही हसू फुटलं, आणि मग बावीसच्या बावीस जण हसले. योपला नेमकं काय झालं ते कळलं नाही, पण त्याने पाच वडे खाल्ले.

लोक गेल्यावर खुर्च्या गोळा करताना सुबोधने बायकोला विचारलं, "आप्पांना माहीत होतं?"

"बुधवारपासून. दुर्बिणीतून त्यांना जबड्याचा सांधा दिसला."

"मग बोलले का नाहीत?"

"जावयाला त्याच्याच घरात खोटं कसं पाडायचं, म्हणाले."

"आणि तुला?"

"मलाही बुधवारीच सांगितलं." मृण्मयीने उरलेला वडा त्याच्या हातावर ठेवला. "पण बुधवारपासून त्यांनी तिकिटाचं नावही काढलं नाही रे. मी कशाला तोंड उघडू?"

आप्पा पुरे तीन महिने राहिले. निघताना योपने त्यांना मगर भेट दिली, आणि ती सूटकेसमध्ये सदऱ्यांत गुंडाळून सांगलीला गेली. तिथे आप्पांनी ती मळ्यातल्या मत्स्यतळ्यात सोडली आणि बाजूच्या खांबावर लॅमिनेट केलेला कागद टांगला. महिन्याभराने त्यांचा फोन आला.

"मगर कशी आहे, आप्पा?" सुबोधने विचारलं.

"छान!" आप्पा म्हणाले, आणि हे छान अस्सल होतं. "इथले बगळे साठ फुटांच्या आत येत नाहीत. त्यांनी खऱ्या मगरी पाहिल्यात ना, म्हणून फसतात. खऱ्या न पाहता फसलेले असे तुम्ही एकटेच!"