आभाळाच्या राखणदारांची परीक्षा

परीक्षेच्या दिवशी सकाळी अब्दुल सत्तार उस्ताद अर्धी भाकरी ताटात टाकूनच उठले. विलायतेत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि अमरावतीच्या बाजारात उघड्यावर कापसाचे डोंगर उभे होते. अवकाळी पावसाची एक सर आली की सारं मातीत! म्हणून सरकारने परकोटाच्या बुरुजांवर चार राखणदार नेमले होते. आभाळ फिरलं की त्यांनी नगारा वाजवायचा आणि खाली लोकांनी कापूस झाकायचा. त्यांना शिकवायचं काम उस्तादांकडे होतं. आज कापूस बाजारावर देखरेख करणारा इंग्रज साहेब परीक्षा घेणार होता. चौघे पास झाले, तर उस्ताद अकोल्याचे राखणदार तयार करायला जाणार, तेही सरकारी घोड्यावरून!

"सांग नत्थुजी, पह्यले काय करशीन?"

"ढग पाहीन. मंग वारा. मंग बाजूच्या बुरुजाले इशारा करीन. त्यालेही दिसलं तरच नगारा."

"आन् घाई?"

"घाई बिलकूल नाई, उस्ताद!"

नत्थुजी चौघांत हुशार, पण हात भारी शिवशिवायचे. उस्तादांनी मुद्दाम त्याला उत्तरेच्या बुरुजावर ठेवलं. या दिवसांत तिकडून पाऊस येणं कठीणच.

दुपारी साहेब आला. उस्ताद त्याला घेऊन बुरुजाच्या दहा पायऱ्या चढले असतील नसतील, तोच वरून नत्थुजीचा नगारा कडाडला.

"उस्ताद! आलं! काळंकुट्ट आभाळ येऊन राहिलं!"

खाली बाजारात एकच धावपळ उडाली. कोणी घोंगडी टाकली, कोणी बैलांच्या झुली ओढल्या. मोर्शीकडून कापूस घेऊन आलेल्या मनकर्णाबाईंनी गाडीवर सतरंजी पसरली आणि ती उडू नये म्हणून स्वतःच वर चढून बसल्या. कापसाचा व्यापारी गोवर्धनशेठ याचे हमाल त्याची गाठोडी छपरीत नेऊ लागले. शेठ ओरडत होता, "अरे राहू द्या! हात लावू नका!" पण नगाऱ्यापुढे ऐकतो कोण? घटकाभरात सारा बाजार झाकला गेला. उस्तादांची छाती फुगली.

काळं आभाळ वेशीपर्यंत आलं आणि त्यातून घुंगरं वाजू लागली.

मग बैलांची शिंगं दिसली. अचलपूरच्या साठ-सत्तर गाड्या काळ्या मातीचा धुरळा उडवत बाजारात शिरल्या. पाण्याचा थेंब नाही. सगळे खोकून बेजार.

"हेच शिकवलं तुम्ही?" साहेब गरजला.

उस्तादांना घोडा डोळ्यांदेखत दौडत दूर गेलेला दिसला. "काहून रे, बाजूच्या बुरुजाले विचारलं होतं?" खाली उतरलेल्या नत्थुजीला त्यांनी विचारलं.

"विचारणारच होतो जी," नत्थुजी मान खाली घालून म्हणाला, "पण आभाळ लय घाईत होतं."

गोवर्धनशेठला तर चेवच आला. "हुजूर, या बेअक्कल लोकाईले हाकला! पाऊस ना पाणी, माह्यी सारी गाठोडी हालवून टाकली!"

तक्रार लिहून घ्यायला साहेब छपरीत शिरला, एका गाठोड्यावर टेकला आणि ताडकन उठला. त्याची पांढरी विजार मागून चिंब झाली होती.

"हे ओलं कसं?"

वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणाऱ्यांना साहेब थेट कैदेत टाकत असे. शेठने साहेबाकडे पाहिलं, विजारीकडे पाहिलं, मग कोरड्या ठणठणीत आभाळाकडे पाहिलं.

"पाऊस आला होता, हुजूर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"केव्हा?"

"नगारा वाजला ना, तवाच. माह्याच कोपऱ्यात पडला."

"म्हणजे इशारा खरा होता?"

शेठने हात जोडले. "एकदम खरा, हुजूर. मोठे हुशार राखणदार आहेत."

मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. साहेबाने ओली विजार झटकत शेठकडे रोखून पाहिलं, मग कागदावर चौघांच्या नावापुढे 'पास' लिहिलं. आणि उद्यापासून या कोपऱ्यातला पाऊस आपण स्वतः रोज मोजायला येऊ, असंही बजावलं.

नत्थुजी उस्तादांच्या कानाशी लागला. "उस्ताद, मले तं पाऊस दिसलाच नाई."

"चूप बैस," उस्ताद हळूच म्हणाले. "तो आपल्या शिकवणीत नव्हता."