देसले सरांची माणसं टिकत नाहीत

देसले सर सकाळी आमच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. चपला दिसल्या की सुटकेचा सुस्कारा सोडत. पॉलिश केलेले बूट दिसले की खुर्चीचा हात घट्ट धरत.

"इंटरव्ह्यू हाय काय रे?"

शहापूरच्या आमच्या सहकारी बँकेत कॉम्प्युटर नुकतेच आले होते. बाहेरच्या कुणी त्यात घुसू नये, खातेदारांची माहिती फुटू नये, हे आमच्या खात्याचं काम. सर प्रमुख, हाताखाली मी आणि सुनंदा. शिकवून तयार केलेला बाकीचा प्रत्येक जण ऐरोलीच्या नाहीतर पुण्याच्या कंपनीनं उचलून नेला होता. त्यामुळे सरांना चोरांपेक्षा कंपन्यांची भीती जास्त. भरतीच्या वेळी ते मार्क नव्हे, गाव विचारत.

"वैशाखऱ्याचा पोरगा बरा. तिथं रेल्वे नाय."

सुनंदा आटगावची. "स्टेशनाला लागून घर हाय गो तुझं. मला झोप कशी लागंल?"

सोडून जाणाऱ्यानं पासवर्ड घेऊन जाऊ नये म्हणून सरांनी तो दोघांत वाटला होता. अर्धा ते टाकत, तेव्हा सुनंदा भिंतीकडे तोंड करून उभी राही. अर्धा ती टाके, तेव्हा सर. एकदा तिला ताप आला. तिच्या अर्ध्या पासवर्डासाठी सर मोटरसायकल घेऊन थेट तिच्या घरी. तिची आई दारातच म्हणाली, "सर, माझ्या पोरीला नोकरीला ठेवलंय का कुलपाला लावलंय?"

आम्ही हसायचो. पण एक दिवस कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस शिरला. तो निस्तरणारा महेश आदल्याच महिन्यात पुण्याला गेलेला. काउंटर बंद. शेणव्याची एक बाई नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला आली होती. ती संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिली. सर तिच्या शेजारी जाऊन बसले. त्या दिवसापासून मी त्यांच्या भीतीला हसलो नाही.

मग सुनंदानं मागणी केली: मुंबईला प्रशिक्षणाला पाठवा आणि कामाला शोभेल असं पद द्या. संचालक म्हणाले, "पोरं काय, दुसरी मिळतील." अध्यक्षांच्या केबिनला एसी बसत होता त्याच आठवड्यात! माणसाला शिकू द्यायचं नाही, वर चढू द्यायचं नाही, आणि वर निष्ठा मागायची. ही निष्ठा नव्हे, वेठबिगारी आहे. मी सरांना म्हटलं, "तुम्ही बोला. नाहीतर ती जाईल."

"मला त्या लोकांची भीती वाटते रे."

तरी गेले. सभेच्या खोलीतून त्यांचा आवाज फुटत फुटत बाहेर आला. "साहेब, जागा नसंल तर माझी खुर्ची तिला द्या. मी तिच्या हाताखाली बसतो."

आत हशा पिकला. "देसले, चहा घ्या अन् जा कामाला."

पुढच्याच आठवड्यात फोन वाजला. ऐरोलीची कंपनी. सुनंदा माणूस म्हणून कशी, चौकशी करत होती. ती समोरच बसलेली, चेहरा पांढराफटक. सरांनी नुसतं "सांभाळून घ्या" म्हटलं असतं, तरी तिची तिथली नोकरी हुकली असती. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"सावध हाय," सर म्हणाले. "आमच्यात सगळ्यांत सावध. घ्या तिला."

सुनंदानं पदर डोळ्यांना लावला. सरांनी तिच्याकडे पाठ केली आणि आवाज बारीक केला.

"एक विनंती होती. तिला शिकायची लय हौस हाय. आमाला नाय जमलं. तुमी शिकवा. ती कधी काय सांगाया आली तर ऐकून घ्या, हसू नका…"

मी जवळच उभा होतो. पलीकडून फोन केव्हाच ठेवला गेला होता. रिसिव्हरमधली टूं टूं मला स्पष्ट ऐकू येत होती. सर बोलतच होते.